खर्रा आणायला धाडलेलं पोरगं आणि दिल्लीतली समिती

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. मधली सुट्टी संपून वीस मिनिटं झाली तरी चौथीतला एक मुलगा वर्गात परतला नव्हता. आला तेव्हा धापा टाकत होता आणि उजव्या हाताची बोटं चुन्याने पांढरी झाली होती. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बाबानं दोन खर्रे आणाले सांगतलं होतं. वावरात देऊन आलो. मी खात नाही, नुसता आणतो." थोडं थांबून, अभिमानानं म्हणाला, "घोटतो पण मीच."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पातळ प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून घासून घासून एकजीव केलेला तोबरा. पश्चिम महाराष्ट्रात त्याच्या भावंडाला मावा म्हणतात. आमच्याकडे खर्रा पाहुणचारात असतो, मजुरीच्या ठिकाणी असतो, तेरवीच्या मांडवातही असतो. तो आणायला धावतं ते घरातलं सगळ्यात चपळ माणूस, म्हणजे आठ-दहा वर्षांचं पोट्टं.

अधिवेशन आलं की पेपरात एक बातमी हमखास असते: "मुलांमधील वाढत्या व्यसनांबाबत संसदीय समितीची चिंता." पालक सभेत एका आजोबांनी मला सरळच विचारलं, "मॅडम, त्या समितीनं चिंता केल्यानं आमच्या पोट्ट्याचं काय होते?" प्रश्न खरा होता आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर मी ते शोधत गेले. जे समजलं ते इथे मांडते.

छाननी म्हणजे नेमकं काय?

संसदेचं काम कायदे करणं, एवढं आपण नागरिकशास्त्रात शिकवतो. पण तिचं तितकंच मोठं दुसरं काम म्हणजे सरकारला हिशोब विचारणं: पैसा दिला त्याचं काय केलं, कायदा केला तो चालतो का, आश्वासन दिलं ते पाळलं का. या विचारपुशीला छाननी म्हणतात.

कापूस विकायला नेला की आपण काट्याजवळ उभे राहतो. काटा आपला नसतो, भावही आपण ठरवत नाही. तरी आपण आकड्याकडे डोळे लावून उभे असलो की मोजणारा हात जपून चालतो. आपण चहाला गेलो की काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

संसदेच्या या नजरेची मुख्य साधनं दोन. पहिलं प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत एका दिवशी तोंडी उत्तराचे २० तारांकित प्रश्न आणि लेखी उत्तराचे २३० अतारांकित प्रश्न लागू शकतात. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला उभं राहावं लागतं आणि उपप्रश्नही झेलावे लागतात. दुसरं साधन विभागांशी संबंधित स्थायी समित्या. या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. सभागृहात कॅमेरे असतात, भाषणं असतात. समितीची बैठक बंद दाराआड होते, त्यामुळे तिथे पक्षाचा आवाज जरा खाली येतो आणि सचिवांना समोर बसवून कागदागणिक विचारता येतं. समिती मंत्रालयाचं अंदाजपत्रक तपासते, एखादा विषय स्वतःहून हाती घेते आणि अहवाल सभागृहासमोर ठेवते.

एक विहीर, पाच वाटेकरी

गावात पाच भावांच्या वाटणीत एक विहीर असते. पाणी पाचही जण ओढतात. गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकाला दुसऱ्याचा नंबर आठवतो. व्यसन आणि मूल या विषयाची दिल्लीत हीच गत आहे.

अंमली पदार्थांची तस्करी रोखायचं काम गृह मंत्रालयाचं. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा अर्थ मंत्रालयाकडे. व्यसनमुक्ती केंद्रं आणि नशामुक्त भारत अभियान सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. तंबाखू नियंत्रण आणि रुग्णालयातले उपचार आरोग्य मंत्रालयाकडे. मूल म्हणून मुलाचं रक्षण करायचं ते महिला व बालविकास मंत्रालयाने. वरून दारू आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्यघटनेप्रमाणे राज्याच्या यादीतले विषय. खासदारांच्या प्रश्नाला "आरोग्य हा राज्याचा विषय आहे" अशी सुरुवात असलेलं उत्तर कित्येकदा मिळतं ते यामुळे. उत्तर खोटं नसतं. पण त्याने वर्गातल्या पोराचं काहीच होत नाही.

खर्रा आणणारा माझा मुलगा या प्रत्येक टेबलावर थोडा थोडा आहे आणि पुरा कुठेच नाही. हे पाच जण एका जागी बसवून "हा मुलगा तुमच्यापैकी कोणाचा?" असं विचारण्याचा अधिकार ज्या थोड्या जागांना आहे, त्यातली एक संसदेची समिती. म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

आकड्यात खर्रा नाही

हिशोब विचारायचा तर आधी मोजणी हवी. मुलांच्या व्यसनाची देशव्यापी मोजणीच नव्हती. एका बालहक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारला सांगितलं, की सहा महिन्यांत राष्ट्रीय पाहणी पूर्ण करा, चार महिन्यांत कृती आराखडा करा, शाळेच्या अभ्यासक्रमात हा विषय आणा. पुढे दिल्लीच्या एम्सने २ लाखांवर घरांमध्ये जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्याच्या आधारे केंद्राने २०२२ मध्ये न्यायालयाला सांगितलं, की १० ते १७ वयाची सुमारे १.५८ कोटी मुलं कोणता ना कोणता नशेचा पदार्थ वापरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सामाजिक न्याय विषयाच्या स्थायी समितीने तरुणांमधल्या या प्रश्नावर स्वतंत्र अहवालच संसदेत मांडला.

त्या पाहणीतली एक गोष्ट वाचून मी थबकले. दारू, गांजा, अफू यांत मोठ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. फक्त एका प्रकारात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत: हुंगायचे पदार्थ. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर. जे दहा-वीस रुपयांत मिळतं आणि ज्याचा तोंडाला दारूसारखा वास येत नाही.

पण आमच्या भागासाठी त्या १.५८ कोटींमध्ये एक मोठं भोक आहे. त्या पाहणीत तंबाखू धरलेलीच नव्हती. तिचे अंदाजही राज्याच्या पातळीवरचे, त्यामुळे गडचिरोली, यवतमाळ किंवा बुलडाणा त्यात वेगळं दिसत नाही. तंबाखूसाठी दुसरी पाहणी बघावी लागते. आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. देशात ८.५ टक्के विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. आणि धूर न निघणारी तंबाखू, म्हणजे खर्रा, गुटखा, नस (तपकीर) या जातीची, वापरणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधी तोंडात टाकली होती.

दहाच्या आत म्हणजे चौथीच्या आत. माझ्या शाळेच्या आत.

खर्रा वाईट का, यावर जास्त लिहीत नाही, कारण ते गावालाही ठाऊक आहे. तोंडाची आतली कातडी कडक होत जाते, जेवण तिखट लागायला लागतं आणि एक दिवस उभी तीन बोटंसुद्धा तोंडात जाईनाशी होतात. पुढचा टप्पा कॅन्सर. इतकंच सांगते, की "माझ्या खर्ऱ्यात तंबाखू कमी आहे" या बोलण्यात दिलासा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

दोनशे रुपये की सात वर्षं?

आता कायद्याकडे येते. इथेच छाननी असण्या-नसण्याचा फरक गावापर्यंत कसा पोचतो ते दिसतं.

मुलाच्या हातात तंबाखू देणं दोन केंद्रीय कायद्यांत गुन्हा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ६ म्हणतं, की १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकायचा नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, कोणालाच विकायचा नाही. शिक्षा आहे २०० रुपयांपर्यंत दंड. दुसरा २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याचं कलम ७७ म्हणतं, की डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

कृती एकच, हातही तोच. एकीकडे २०० रुपये, दुसरीकडे सात वर्षं. कारवाई करणाऱ्याला कोणतं कलम सोपं वाटेल?

आणखी एक खाच पाहा. त्याच कायद्याचं पुढचं कलम ७८ मुलाला वाहतुकीसाठी वापरणाऱ्यांसाठी आहे. मोहाच्या दारूची कॅन पोराच्या सायकलला अडकवून शेजारच्या गावात पोचवणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण या कलमात दारू आहे, अंमली पदार्थ आहेत, तंबाखू नाही. "मी खात नाही, नुसता आणतो" म्हणणारा माझा मुलगा या कलमाच्या बाहेर राहतो. विक्रेता कलम ७७ मध्ये सापडू शकतो. खर्रा आणायला धाडणारा माणूस सापडतो का, हे कलम ७८ वाचून तरी मला दिसलं नाही. तंबाखू कलम ७८ मध्ये का नाही, हा प्रश्न एखाद्या खासदाराने जरूर विचारावा.

याहून मोठी गोष्ट २०२१ मध्ये घडली आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षातही आली नाही. त्या वर्षी मार्चमध्ये बाल न्याय कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. चर्चा झाली ती दत्तक देण्याचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्याने काढण्याची. पण त्याच विधेयकात एक ओळ होती: तीन ते सात वर्षं शिक्षा असलेले या कायद्याखालचे गुन्हे यापुढे अदखलपात्र.

दखलपात्र गुन्हा म्हणजे पोलीस स्वतःहून गुन्हा नोंदवून तपास सुरू करू शकतात तो. अदखलपात्र म्हणजे आधी न्यायालयातल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश आणायचा, मग तपास. कलम ७७ आणि ७८ दोन्ही त्या एका ओळीत सापडली. कागदावर शिक्षा सात वर्षांचीच राहिली, पण तिच्यापर्यंत जाण्याच्या वाटेवर फाटक बसलं. तालुक्याचं न्यायालय तीस-चाळीस किलोमीटरवर असलेल्या गावात, एक दिवसाची मजुरी बुडवून, कोणती आई ते फाटक उघडायला जाईल?

हे विधेयक लोकसभेने २४ मार्चला आणि राज्यसभेने २८ जुलैला मंजूर केलं. राज्यसभेत त्या दिवशी दुसऱ्याच विषयावरून गोंधळ चालू होता. त्या गोंधळातच आवाजी मतदान झालं. विधेयक स्थायी समितीकडे गेलं नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून दुरुस्ती अमलात आली, आणि मग दिल्लीच्या बालहक्क संरक्षण आयोगाने त्या ओळीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

मी इथे कोणा एका पक्षाला बोल लावत नाही. गोंधळ घालणारे एका बाजूचे होते, घाईने मतदान घेणारे दुसऱ्या बाजूचे. पण पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं तपासणीसाठी समित्यांकडे गेली होती आणि सतराव्या लोकसभेत १६ टक्के, या उताराचा अर्थ मला माझ्या वर्गात बसून समजतो. समितीत एखाद्या तरी सदस्याने ती ओळ मोठ्याने वाचली असती आणि बालकल्याणात काम करणाऱ्यांना बोलावून विचारलं असतं. काटा मोजत होता आणि आपण सगळे चहाला गेलो होतो.

"शिफारस पाळायचं बंधन नाही, मग उपयोग काय?"

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. उदाहरण घ्या. २०२२ मध्ये आरोग्य विषयाच्या स्थायी समितीने कर्करोगावरच्या अहवालात सांगितलं, की सुट्या सिगारेटची विक्री बंद करा, तंबाखूवरचा कर वाढवा. नुसतं सांगितल्याने सुटी सिगारेट टपरीवरून गायब होत नसते.

मात्र शिफारस झाली की गोष्ट संपत नाही. साधारण तीन महिन्यांत मंत्रालयाला लेखी सांगावं लागतं, की कोणती शिफारस मानली, कोणती नाही आणि का नाही. याला कृती अहवाल म्हणतात. ती उत्तरं समिती पुन्हा तपासते आणि त्यांचे ढीग करते: शिफारस मान्य झाली, उत्तर पटलं म्हणून विषय सोडला, उत्तर पटलं नाही, उत्तर अजून अर्धवट आहे. मी वह्या तपासते तेव्हा नेमकं हेच करते. लाल शेरा मारल्याने मुलगा हुशार होत नाही, पण वही घरी जाते आणि आईला दाखवावी लागते.

तिसरा ढीग, "उत्तर पटलं नाही" हा, पत्रकाराने आणि कार्यकर्त्याने वाचायचा असतो. सरकारची अडचण सरकारच्याच शब्दांत तिथे सापडते. हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात.

समितीही वाट चुकते

समितीच्या हाती दिलं म्हणजे मुलांचं भलं झालं असंही नाही. तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्याची हकिगत महाराष्ट्राने विसरू नये.

ऑक्टोबर २०१४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने नियम काढला, की पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला पाहिजे. आधी तो फक्त दर्शनी बाजूच्या ४० टक्क्यांवर होता. १ एप्रिल २०१५ ही तारीख ठरली. सरकारने काढलेले नियम तपासणाऱ्या लोकसभेच्या समितीने "थांबा" म्हटलं आणि सरकार थांबलं. समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारं भारतीय संशोधन नाही, अशा अर्थाचं त्यांचं विधान तेव्हा देशभर गाजलं. त्याच समितीवर विडी उद्योगातले एक खासदार सदस्य होते. पुढे समितीने ८५ ऐवजी ५० टक्के पुरे असं सुचवलं. शेवटी लोकांचा दबाव आणि न्यायालयांचे आदेश यांच्या रेट्याने १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला.

यातून मला दोन गोष्टी कळल्या. शिफारस बंधनकारक नसते हे इथे मुलांच्या उपयोगी पडलं, सरकारला समितीचं न ऐकण्याची मुभा होती. आणि छाननी करणाऱ्याच्या खिशाकडेही कोणीतरी बघत राहावं लागतं. त्या वेळी ते पत्रकारांनी, डॉक्टरांनी आणि कॅन्सरमधून उठलेल्या रुग्णांनी केलं.

आता यातली टोचणारी बाब. दीड वर्ष ज्या चित्रासाठी भांडण चाललं, ते चित्र पाकिटावर असतं. खर्ऱ्याला पाकीटच नाही. पारदर्शक पन्नी आणि वर रबर. माझ्या विद्यार्थ्याने ते भयंकर चित्र कधी पाहिलंच नाही.

"सरळ बंदी घाला, विषय संपला"

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी आणि खर्रा-मावाही त्या बंदीच्या कक्षेत घेतले गेले. ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याच्या ज्या कलमाखाली निघते, त्यात आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. म्हणून दरवर्षी नवा आदेश. बंदीला इतकी वर्षं होऊन गेली, तरी माझ्या विद्यार्थ्याला खर्रा पाच मिनिटांत मिळतो. बंदी निघाली की बातमी होते. ती चालते का, याची बातमी तेव्हाच होते जेव्हा कोणी सभागृहात उठून विचारतं.

दारूचंही तसंच. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढली असं कारण सरकारने दिलं. बंदीसाठी ज्या बाया चंद्रपूर जिल्ह्यातून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या, त्यांच्या तेव्हाच्या मनाचा विचार केला तर आजही वाईट वाटतं. माझं स्वतःचं मत बंदीच्या बाजूने आहे. पण बंदीनंतर दारू कोणाच्या खांद्यावरून गावात येते, हे मोजलंच नाही तर पोरं त्या धंद्यात ओढली जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ हे अभियान सुरू झालं, त्यात गावांच्या संघटना, जागृती, कारवाई आणि उपचार एकत्र बांधले आहेत. कायदा आणि गाव असे सोबत चालले तर बंदी खरी चालते.

"आईबाप बघत नाहीत, त्याला संसद काय करणार?"

शिक्षक म्हणून हे मीही कधीकाळी बोलले आहे. आता बोलत नाही.

पहाटे कापूस वेचायला जाऊन अंधार पडता परतणाऱ्या आईला, पोरगं दिवसभर कुठे होतं हे विचारायला ताकद उरत नाही. बाप स्वतः शाळकरी असताना कोणासाठी तरी खर्रा आणता आणता लागलेला असतो. त्याला ते व्यसन वाटतच नाही, कामाची शिदोरी वाटते. घर कमी पडतं तिथे मूल वाऱ्यावर सोडू नये, यासाठीच तर राज्य आहे. घटनेचं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं आणि मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करायला सांगतं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचं कलम ३३ अंमली पदार्थांच्या वापरापासून मुलांना वाचवा म्हणतं आणि त्या पदार्थांच्या धंद्यात मुलांना वापरू देऊ नका असंही म्हणतं. हक्क म्हणजे एवढंच, की बाप चांगला निघाला तरच सुरक्षित, अशी मुलाची अवस्था राहू नये.

आणि ज्या मुलाला लागलंच आहे, तो गुन्हेगार नाही. व्यसनाकडे ओढला जाण्याचा धोका असलेलं मूल हे बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल धरलं जातं. त्याला पोलीस ठाण्यात बसवायचं नसतं, बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. चाइल्डलाइनचा १०९८, नशामुक्तीचा १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६ हे क्रमांक फुकट आहेत. शाळेच्या फळ्याशेजारी मी ते रंगवून घेतले आहेत.

पानठेल्याच्या पोटाचं काय?

आमच्या गावातला पानठेला एका अपंग माणसाचा आहे. त्याच्याकडे शेत नाही. त्याच्या पोटावर पाय देऊन मला मुलं वाचवायची नाहीत. मी त्याच्याशी बोलले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, पोट्ट्याले नाही म्हटलं तर त्याचा बाप भांडाले येते." दोनशे रुपयांच्या दंडापेक्षा त्याला गिऱ्हाइकाची नाराजी महाग पडते. म्हणून नुसती त्याच्यावर धाड घालून काही हाती लागणार नाही. सुपारी आणि सुगंधित तंबाखू त्याच्यापर्यंत पोचवणारी गाडी कोणाची, हे विचारलं पाहिजे, आणि ते विचारायची जागा नागपूरचं विधानभवन आहे.

गावातला प्रश्न कुठल्या दाराने जातो?

बंदीची अंमलबजावणी, अन्न व औषध प्रशासनाची माणसं, दारूची दुकानं हे राज्याचे विषय, म्हणून आमदाराकडे. तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना ही त्याची हत्यारं. तंबाखू नियंत्रण कायद्यातला दंड, बाल न्याय कायद्यातली दखलपात्रता, राष्ट्रीय पाहणीत जिल्हा आणि तंबाखू धरणं हे केंद्राचे, म्हणून खासदाराकडे. खासदार दिल्लीतच भेटतो असंही नाही. केंद्रीय योजनांचा आढावा घेणारी 'दिशा' समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, तिचा अध्यक्ष खासदार असतो आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. तिथे विचारलेल्या प्रश्नाचं इतिवृत्त होतं. स्थायी समित्याही काही विषयांवर जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवतात, मराठीत लिहिलेलं पत्रही पत्रच असतं. आणि अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या गावात ग्रामसभेलाच मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने दिला आहे.

प्रश्न मात्र नेमका हवा. "व्यसनांबाबत सरकार काय करत आहे?" असं विचारलं की अभियानाची तारीख, रॅलीचे फोटो आणि शपथ घेतलेल्या विद्यार्थ्यांची संख्या मिळते. "या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत कलम ७७ खाली किती गुन्हे नोंदले, त्यातले किती दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने?" असं विचारलं की आकडा द्यावा लागतो. आकडा शून्य असला तरी द्यावा लागतो.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने मागच्या सभेत ठराव घेऊन दोन पत्रं लिहिली. आमदारांच्या पत्रात एक प्रश्न: तालुक्यातल्या किती शाळांच्या ९१ मीटरच्या आत विक्री चालते, हे कोणी कधी मोजलं, आणि फीत लावून मोजलं का? खासदारांच्या पत्रात दोन: कलम ७८ मध्ये तंबाखू का नाही, आणि १८ वर्षांखालच्या मुलांना भरती करून घेणारं सर्वांत जवळचं व्यसनमुक्ती केंद्र आमच्या गावापासून किती किलोमीटरवर आहे? पत्रांवर पालकांच्या सह्या आहेत. काही अंगठे आहेत. त्या मुलाच्या बापानेही सही केली, खाली मान घालून, पण केली.

तो मुलगा यंदा पाचवीत गेला. आमच्या गावात पाचवीचा वर्ग नाही. शेजारच्या गावची शाळा अडीच किलोमीटरवर आहे आणि त्या वाटेवर तीन पानठेले आहेत.